लिथियम चालू असताना वारी: गोळ्या, देव आणि घरातला वाद

प्रश्न पुण्यातल्या एका बहिणीचा आहे. धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जातं. दीड वर्षापासून लिथियम चालू आहे आणि तब्येत स्थिर आहे. यंदा त्याला माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचंय. आई म्हणते, आता पांडुरंगावर सोडू आणि गोळ्या हळूहळू बंद करू. थोरला भाऊ म्हणतो, हे देवदेवच बंद करा, त्यानेच याचं डोकं फिरतं. यात कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकू नका. लिथियम एकाएकी बंद केलं की पुढच्या काही महिन्यांत उन्माद परत उलटण्याची शक्यता खूप वाढते आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. बंद करायचंच ठरलं, तरी ते डॉक्टर ठरवतात आणि डोस कमीत कमी चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात. थोरल्या भावाचा उपायही तितकाच चुकीचा आहे. ज्या माणसाला भजनाला बसल्यावर बरं वाटतं, त्याच्याकडून तेच काढून घेतलं तर हातात काही उरत नाही. शिवाय डॉक्टर म्हणजे देवाच्या विरुद्ध पार्टी, असं त्याच्या मनात पक्कं बसतं. मग तो उपास, नवस, अंगारा सगळं लपवून करतो, आणि लपवून केलेल्या गोष्टींतच धोका असतो.

माझं म्हणणं असं, की रुग्णाची श्रद्धा डोसाइतक्याच नेमकेपणाने फाइलमध्ये लिहिली गेली पाहिजे. कोणता उपास, आठवड्यातून किती वेळा, पाणी चालतं का, मीठ चालतं का, पहाटे किती वाजता उठतो, जप किती वेळ, आजार का झाला असं त्याला वाटतं. डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही सांगा. या माहितीवरून गोळ्यांच्या वेळा ठरतात.

श्रद्धेने नेमकं काय होतं, हेही पाहू. 2001 साली बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ या दोन्हींच्या लयीने श्वास मिनिटाला साधारण सहावर आल्याचं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारल्याचं दिसलं. म्हणजे सावकाश, मोठ्याने केलेल्या जपाचा शरीरावर परिणाम होतो. तो घाईघाईने उरकलेल्या 108 मण्यांत मिळत नाही. 1998 मध्ये कोएनिग यांनी इतर आजारांसाठी दवाखान्यात दाखल झालेल्या, नैराश्यही असलेल्या 87 वृद्ध रुग्णांचा पाठपुरावा केला. आंतरिक श्रद्धेचा गुणांक दहाने जास्त असलेल्यांचं नैराश्य सुमारे 70 टक्के अधिक वेगाने ओसरलं. मात्र चर्चला जाण्याचा किंवा घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेचा नैराश्य ओसरण्याच्या वेगाशी संबंध दिसला नाही. आईंना हे जरूर सांगा. आणखी एक व्रत वाढवलं म्हणजे गुण लवकर येतो, असं काही नाही.

नैराश्यातल्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठवणं हेच उपचारातलं अर्धं काम असतं. तिथे काकड आरती, मंगळवारची सारसबाग, गुरुवारचं मंदिर, पर्वतीच्या 103 पायऱ्या या ठरलेल्या वेळा आणि ओळखीचे चेहरे फार उपयोगाचे ठरतात. कानात आवाज येणाऱ्या काही रुग्णांना हळू आवाजात गुणगुणल्याने ते आवाज तेवढ्यापुरते मागे सरतात. गुणगुणताना घसा आणि जीभ गुंतलेली राहते, त्यामुळे हे होतं असा अंदाज आहे. गोळीची जागा त्याने भरून निघत नाही, पण बसमध्ये, रांगेत, रात्री झोप लागेपर्यंत ते कामी येतं.

आता वारीकडे येऊ. आधी एक गोष्ट तपासा: ही इच्छा श्रद्धेची आहे की उन्मादाची सुरुवात? वारीची ओढ घरात पूर्वीपासून असेल, महिनाभर नीट झोप असेल, बोलणं नेहमीसारखं असेल, तर प्रश्न नाही. पण गेल्या आठ-दहा दिवसांत अचानक ठरलं, तीन-चार तासांच्या झोपेवर ताजातवाना वाटतो, बोलणं थांबत नाही, दिंडीला मोठी देणगी जाहीर केली, ‘मला माउलींनी खास कामासाठी बोलावलंय’ असं म्हणतो, तर यंदाची वारी रद्द आणि त्याच आठवड्यात डॉक्टर. शंका असेल तर त्याच्याबरोबर नेहमी भजनाला बसणाऱ्या जुन्या माळकऱ्यांना विचारा. संप्रदायातल्या माणसांना भक्ती आणि बिघाड यांतला फरक बहुतेक वेळा नातेवाइकांच्या आधी कळतो. त्यांनाच ते बोलणं विचित्र वाटत असेल, तर ती भक्ती नाही.

तब्येत स्थिर असेल तर लिथियमचं गणित समजून घ्या. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवतात, आणि 1.5 च्या वर विषबाधा धरली जाते. अंतर एवढंच. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागतं आणि त्याबरोबर लिथियमही अडकतं. गोळ्या तेवढ्याच घेऊनही पातळी चढते. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांबलचक टप्पा दमट हवेत घाम गाळत चालणं, वाटेत पोट बिघडणं, मध्येच एकादशीचा निर्जळी उपास, हे सगळं एकत्र आलं तर विषबाधेला पुरेसं आहे.

आणि दुखण्यावरच्या गोळ्या! दिंडीत पाय दुखले की कोणीतरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक हातावर ठेवतं. ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून ती घेतली जाते, पण या जातीच्या गोळ्या लिथियम शरीरात साठवतात. त्याला फक्त पॅरासिटामॉल चालेल, 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत किमान सहा तास आणि 24 तासांत चार ग्रॅमच्या आत. रक्तदाबाची गोळी, विशेषतः लघवी वाढवणारी, चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

निघण्याआधी दोन-तीन आठवडे लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्त शेवटच्या डोसानंतर बरोबर 12 तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. वेळ चुकली की आकडा चुकतो आणि डोस विनाकारण बदलला जातो. परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा तपासणी.

वाटेत रोज तीन लिटरच्या आसपास पाणी, घाम फार आला तर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, अंदाजाने घट्ट करायचं नाही. जेवणातलं मीठ नेहमीएवढंच ठेवायचं. एकादशीला फराळ चालेल, शेंदेलोण चालेल, निर्जळी चालणार नाही. हात जाडसर थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जातो, बोलणं जड झालं, गुंगी आली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लिथियमची पातळी बघायला सांगायचं. ‘चालून थकलाय, झोपू दे’ म्हणत राहुटीत ठेवायचं नाही.

झोप मात्र सगळ्यात अवघड. दिंडीत पहाटे तीन-साडेतीनला उठावं लागतं. बायपोलरमध्ये सलग दोन-तीन रात्री झोप मोडणं हेच उन्मादाचं सर्वांत खात्रीचं निमित्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी पूर्ण वारी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आळंदी ते पुणे एक टप्पा चालू द्या. पालखीचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो, तेव्हा त्याने घरी येऊन झोपावं, दुसऱ्या दिवशी विसावा घ्यावा आणि दर्शन करून यावं. जमलं तर शेवटी वाखरीला गाडीने जाऊन पंढरपूरपर्यंत चालावं. हे नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी टप्पे वाढवा. बरोबर एक माणूस असा हवा, ज्याला आजार माहीत आहे आणि जो गोळ्या स्वतःकडे ठेवेल. दिंडीचालकांनाही सांगून ठेवा. रात्रीच्या गोळ्या आठला जेवणानंतर देऊन नऊला झोपवायचं. कीर्तन अर्धं राहिलं तरी चालेल. पहाटे सुस्ती येते म्हणून रात्रीची गोळी सकाळवर ढकलू नका.

पुण्यात झोपेचा हाच प्रश्न गणपतीत येतो. पथकाचा सराव, मंडळातल्या रात्री आणि विसर्जनाची दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक. मानाच्या गणपतींचं दर्शन दिवसा घ्या. मंडळात काम करायचं असेल तर हिशोबाचं, प्रसादाचं, दिवसाचं काम मागून घ्या. कोजागरी, महाशिवरात्र, जागरण-गोंधळ यांनाही तोच नियम: हजेरी लावायची आणि ठरलेल्या वेळेला झोपायचं.

उपास आणि इतर गोळ्यांबद्दल. गोळीने उपास मोडत नाही, हे आईंना त्यांचा विश्वास आहे अशा गुरुजींकडून एकदा वदवून घ्या, ते आपल्या सांगण्यापेक्षा लवकर पटतं. ल्युरासिडोन नावाची मानसिक आजारावरची गोळी किमान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावी लागते, नाहीतर ती नीट अंगी लागत नाही. दाण्याचं कूट घातलेल्या साबुदाणा खिचडीची भरली बशी तेवढी भरते, केळं आणि पेलाभर दूध भरत नाही. ओलान्झापिन या अशाच दुसऱ्या गोळीवर असलेल्यांची साखर आणि वजन आधीच वाढत असतं. साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू असे आठवड्यातून दोन उपास त्यात भर घालतात. चातुर्मासात अळणी खाण्याचा नेम लिथियमवरच्या माणसाने अजिबात घेऊ नये. स्किझोफ्रेनियावरची क्लोझापिन ही गोळी 48 तासांहून जास्त चुकली तर पूर्वीचा डोस तसाच परत सुरू करता येत नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. म्हणून नवरात्रात ‘नऊ दिवस फक्त तीर्थ’ हे व्रत त्या रुग्णाला परवडणारं नाही. रोजे ठेवणाऱ्यांनी रमजानच्या दोन-तीन आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून डोस इफ्तार आणि सहरीच्या वेळांत बसवून घ्यावेत. लिथियम असेल तर रोजा ठेवायचा की नाही, हेही तिथेच ठरवावं.

दहा दिवसांच्या मौन शिबिरांबद्दलही लोक विचारतात. पहाटे चारला उठून दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान आणि बोलणं बंद, हा प्रकार बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्याने करू नये. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, ते लपवू नका.

श्रद्धा जिथे आजाराच्याच ताब्यात जाते ती जागा म्हणजे ओसीडी (नको ते विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा आजार), आणि मराठी घरांत ती ओळखायला वर्षं जातात. सोवळ्यात आहे, धार्मिक आहे म्हणून कौतुक होत राहतं. खुणा अशा: देवपूजेला वीस मिनिटांऐवजी तीन तास लागतात. अथर्वशीर्षाचं अकरावं आवर्तन चालू असताना एक अक्षर अडखळलं म्हणून पहिल्यापासून सुरुवात. शिवाशीव झाली का या शंकेने पुन्हा पुन्हा आंघोळ. मूर्तीकडे पाहताच मनात शिवी किंवा अश्लील चित्र येतं आणि ते पुसायला नाक घासून माफी. हे विचार पापी माणसाला येत नाहीत. ज्याला देव सर्वांत प्रिय आहे त्यालाच ते जास्त बोचतात, म्हणून तिथेच चिकटतात. हे रुग्णाला आधी सांगायचं.

त्यावरचा उपचार म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नंतरची शुद्धीची कृती करायची नाही. घरी सुरुवात अशी करता येते. ज्यांचा शब्द रुग्ण मानतो अशा गुरुजींना एकदाच भेटून किमान नित्यपूजा काय, ते कागदावर लिहून घ्यायचं. पुन्हा विचारायला जायचं नाही, कारण ‘चाललं ना? दोष नाही ना?’ हे विचारणं हाही आजाराचाच भाग असतो. माळ बाजूला ठेवून गजर लावायचा, दहा मिनिटं जप, गजर वाजला की उठायचं, मोजणी नाही. चूक झाली तर तशीच पुढे जायचं, मागे फिरायचं नाही. मग मुद्दाम एक ओळ चुकवून पुढे म्हणायचं आणि अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. ती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उतरते. घरच्यांनी धीर देणारी उत्तरं द्यायची नाहीत, एवढंच म्हणायचं, ‘हा आजाराचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही.’ औषध लागलं तर नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो आणि परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून सोडून देणं ही इथली नेहमीची चूक. सोवळ्याचे कडक नियम असलेलं सात दिवसांचं पारायण उपचार चालू असताना नको.

नैराश्यात वेगळी अडचण येते. ‘पूजेत मन लागत नाही, देवाने मला टाकलं.’ मन न लागणं हे नैराश्याचं लक्षण आहे. त्याच माणसाला त्याच दिवसांत जेवणाची चवही लागत नसते. श्रद्धा उणी पडली असं घरच्यांनी म्हटलं तर अपराधीपणा वाढतो. मानसशास्त्रज्ञ पार्गमेंट यांनी यासाठी 14 वाक्यांची छोटी प्रश्नावली केली, सात वाक्यं आधार देणाऱ्या श्रद्धेची, सात झुंजणाऱ्या श्रद्धेची. घरी दोनच प्रश्न पुरतात: ‘या सगळ्यात देव तुझ्या बरोबर आहे असं वाटतं, की तो शिक्षा करतोय असं वाटतं?’ आणि ‘हे तुझ्याच वाट्याला का आलं असं तुला वाटतं?’ मागच्या जन्मीचं पाप, कुलदैवताचा कोप, पितृदोष असं उत्तर आलं तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. ‘देवाकडे जायचंय’, ‘समाधी घ्यायचीय’ असं कोणी म्हणालं तर आध्यात्मिक बोलणं समजून सोडू नका. सरळ विचारा, ‘जीव देण्याचा विचार येतो का? काही ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, गोळ्यांचा साठा काढून घ्यायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काही वेळा थांबायला वेळच नसतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाई झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल भलतंसलतं म्हणू लागली, तर ती बाहेरची बाधा नव्हे. तो आणीबाणीचा आजार आहे आणि आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. सोयर फिटेपर्यंत वाट बघू नका. ताप, डोकेदुखी आणि अचानक भ्रम, झटके असतील तर मेंदूला सूज असू शकते. आधी मोठं रुग्णालय.

माळ घालून दारू सोडणं हा आपल्याकडचा मोलाचा मार्ग आहे, अनेकांना त्याने तारलंय. पण रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवा, थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) घ्या, आणि मग माळ घाला. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतं.

देवस्थानी राहायला नेणं हा सल्लाही आईंना कोणीतरी देईल. तमिळनाडूतल्या एका मंदिरात सरासरी सहा आठवडे राहिलेल्या 31 रुग्णांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला, त्यांची लक्षणं जवळपास 20 टक्क्यांनी उतरली होती. तिथे ना मारहाण होती, ना साखळ्या, कुटुंबातलं माणूस बरोबर होतं, रोजची हलकी कामं होती. त्याच राज्यात एरवाडीला, दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागी, 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांत जखडलेले 28 रुग्ण होरपळून मेले. फरक इथेच आहे. बांधणं, चाबकाने किंवा छडीने मारणं, मिरचीची धुरी देणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली चाललेले असे प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. भजन, कीर्तन, वारी, प्रदक्षिणा यांना तो कायदा हात लावत नाही, हे आईंना मुद्दाम सांगा, कारण गैरसमज फार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नेही रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. कोणी ‘आधी गोळ्या बंद करा, मगच आमचा उपाय लागू पडेल’ असं म्हटलं, तर तिथून उठून या.

ग्रहशांतीसारखा एखादा विधी करायचाच असं घरात ठरलं तर भांडू नका. एकदा, कर्ज न काढता, गोळ्या चालू ठेवून करा. खर्चाची रक्कम आधी ठरवा.

आईंशी बोलताना ‘तुझा देव काही करत नाही’ असं थोरल्याने म्हणू नये. ‘पातळी तपासायला त्याला दवाखान्यात तू घेऊन जा’ असं म्हणावं. जबाबदारी आली की आईंचा गोळ्यांना असलेला विरोध बराच निवळेल. थोरल्या भावाने डॉक्टरांकडे एकदा बरोबर यावं आणि वारीचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवावं. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं. त्याच्या महिनाभर आधीची वेळ घ्या, म्हणजे रक्ततपासणी, डोसातला बदल आणि लागली तर दुसरी तपासणी हे सगळं बसतं. धाकट्याच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: आजाराचं नाव, गोळ्यांची नावं आणि डोस, शेवटची लिथियम पातळी आणि तारीख, ‘आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये’, आणि दोन फोन नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाऊस असतो.